मेव्याचे बार : आधी जिभेची परीक्षा, मग वेष्टनाची

सुपरमार्केटमधील बिलाच्या काउंटरशेजारी, औषधांच्या दुकानात, व्यायामशाळेत आणि विमानतळावरील उपाहारगृहात आज एक पदार्थ हमखास आढळतो. चकचकीत वेष्टनातला, बदाम-खजूर-क्रॅनबेरीची चित्रे मिरवणारा हा पदार्थ म्हणजे फळे आणि सुक्या मेव्याचा बार. न्याहरी चुकलेला नोकरदार, संध्याकाळी धावायला जाणारा तरुण आणि मुलाच्या मधल्या सुट्टीच्या डब्याची चिंता वाहणारी आई, या साऱ्यांनी तो आपलासा केला आहे. वजनाच्या मानाने पाहिल्यास त्याची किंमत चिक्कीपेक्षा कितीतरी अधिक असते. ग्राहक ती खळखळ न करता मोजतो, कारण वेष्टनावर 'पौष्टिक' असे लिहिलेले असते.

हा शब्द कितपत खरा, हे चवीवरून समजत नाही आणि चव कशी आहे, हे वेष्टनावरून समजत नाही. त्यामुळे अशा बारची पारख दोन टप्प्यांत करावी लागते. आधी वेष्टन दूर ठेवून जिभेला निवाडा करू द्यायचा आणि मग वेष्टन हाती घेऊन आकडे तपासायचे. हा क्रम उलटला की दोन्ही निवाडे फसतात. ते का, हे समजून घेण्यासाठी या पदार्थाची थोडी कुळकथा पाहणे उपयुक्त ठरेल.

<b>अंतराळातून दुकानाच्या फळीवर</b>

खिशात मावणारा, न सांडणारा आणि बराच काळ टिकणारा खाऊ ही कल्पना आधुनिक बाजारात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेतील अंतराळ मोहिमांना जाते. पिल्सबरी या कंपनीने 'स्पेस फूड स्टिक्स' १९६९ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, सर्वसामान्यांसाठी विक्रीला आणल्या. १९७५ मध्ये 'नेचर व्हॅली'चा ओट्सचा ग्रॅनोला बार आला. कॅनडाचे मॅरेथॉनपटू ब्रायन मॅक्सवेल यांनी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात 'पॉवरबार' सुरू केला. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात शक्ती संपते, तेव्हा पोटाला न बाधता ऊर्जा देणारा पदार्थ हवा, ही त्यामागची गरज होती. या टप्प्यापर्यंत बार हा खेळाडूंचा आणि गिर्यारोहकांचा खाऊ होता. चवीकडे कोणी फारसे पाहत नव्हते.

फळे आणि मेवा केंद्रस्थानी आले ते २००० नंतर. लारा मेरिकन यांनी २००३ मध्ये कोलोरॅडोत 'लाराबार' बाजारात आणला. खजूर आणि मेवा एकत्र वाटून दाबलेला, मोजक्या घटकांचा हा बार होता. पुढे २००८ मध्ये 'जनरल मिल्स'ने ही कंपनी विकत घेतली. २००४ मध्ये डॅनियल लुबेट्स्की यांनी 'काइंड' सुरू केली. अख्खे बदाम, शेंगदाणे आणि फळांचे तुकडे दिसतील असे पारदर्शक वेष्टन ही तिची ओळख ठरली. भारतात मुंबईच्या नॅचरेल इंडियाचा 'राइटबाइट', बेंगळुरूचा 'योगा बार' आणि २०१९ मध्ये मुंबईत सुरू झालेली, आता 'द होल ट्रुथ' या नावाने ओळखली जाणारी कंपनी, या नाममुद्रांनी ही बाजारपेठ वाढवली. मोठ्या उद्योगांचेही तिकडे लक्ष गेले. २०२३ मध्ये आयटीसीने 'योगा बार'मध्ये, तर २०२४ मध्ये झायडस वेलनेसने नॅचरेल इंडियामध्ये गुंतवणूक करून त्या आपल्या छत्राखाली आणल्या.

मराठी घराला मात्र ही कल्पना नवी नाही. गुळाच्या पाकात शेंगदाणे घोळून लाटलेली चिक्की, राजगिऱ्याची वडी, तिळाची वडी, खजुराची वडी, बाळंतिणीसाठीचे डिंकाचे लाडू हे सारे त्याच तत्त्वावर उभे आहेत. तेल आणि प्रथिने असलेला दाणा घ्यायचा आणि तो साखर असलेल्या चिकट पदार्थाने बांधायचा. तमिळनाडूतील कोविलपट्टीच्या शेंगदाणा चिक्कीला, म्हणजे कडलै मिठाईला, २०२० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. परदेशी बार आणि देशी चिक्की यांतील अंतर वेष्टनावरून भासते तेवढे मोठे नाही, हे पुढील हिशेबातून स्पष्ट होईल.

<b>चार प्रकार, चार चवी</b>

बाजारातील बार नावांनी शेकडो असले तरी बांधणीच्या पद्धतीनुसार त्यांचे चार मुख्य प्रकार पडतात. चवीची तुलना एकाच प्रकारातील बारमध्ये करणे न्याय्य ठरते.

<b>खजुराने बांधलेले :</b> बिया काढलेला खजूर वाटून त्यात बदाम, काजू किंवा शेंगदाणे मिसळतात आणि न भाजता दाबून वड्या पाडतात. हे बार मऊ, ओलसर आणि किंचित चिवट असतात. त्यांची गोडी खोल असून तिला मधाची वा भाजक्या साखरेची छटा असते. दोष असा की खजुराची चव इतर साऱ्या चवींवर मात करते. त्यामुळे 'आंबा', 'कॉफी' आणि 'नारळ' असे तीन वेगवेगळे बार डोळे मिटून खाल्ल्यास अनेकदा एकसारखेच लागतात.

<b>पाकाने बांधलेले :</b> अख्खे दाणे आणि फळांचे तुकडे मध, ग्लुकोज सिरप किंवा गुळाच्या पाकात घोळून थापलेले हे बार चिक्कीचे सख्खे भाऊ होत. दाणा खरपूस भाजलेला असेल तर हा सर्वांत रुचकर प्रकार ठरतो. पाक थोडा अधिक आटला की दाताला त्रास होतो. तो कमी आटला तर बार हाताला चिकटतो.

<b>ओट्सचे, भाजलेले :</b> ओट्स, कुरमुऱ्यासारखे फुलवलेले धान्य, थोडे तेल आणि सिरप एकत्र करून भट्टीत भाजतात. ते कुरकुरीत किंवा खुसखुशीत असतात. यांत मेवा आणि फळे चवीपुरतीच असू शकतात. वेष्टनावरचे बदामाचे चित्र मोठे आणि आत बदामाचे काप चार, हा अनुभव प्रामुख्याने याच प्रकारात येतो.

<b>प्रथिनयुक्त :</b> दुधातील व्हे किंवा सोयाबीनची प्रथिने यांत मिसळलेली असतात. ती तोंडात पिठूळ लागतात आणि काही वेळा कडसर चव मागे ठेवतात. ती झाकण्यासाठी चॉकलेटचा लेप, सुगंध आणि कमी उष्मांकाची गोडी देणारे पदार्थ वापरले जातात. साठवणुकीत प्रथिने ओलावा शोषून घेत असल्याने हे बार कालांतराने कठीण होतात.

<b>'हेल्दी' या शब्दावरून झालेला वाद</b>

पौष्टिकतेचा दावा किती निसरडा असतो, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून दिसून आले. मार्च २०१५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने 'काइंड' कंपनीला तिच्या चार बारबद्दल इशारापत्र पाठवले. वेष्टनावर 'हेल्दी' हा शब्द वापरायचा असेल तर पदार्थातील संपृक्त स्निग्धांश एका ग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असा तेव्हाचा नियम होता आणि हे बार त्यात बसत नव्हते. कंपनीचे म्हणणे असे की यातील बराचसा स्निग्धांश बदामासारख्या मेव्यातून येतो आणि मेवा खावा असे तर सरकारचीच आहारविषयक मार्गदर्शिका सांगते. १९९० च्या दशकातील त्या नियमानुसार बदामाला 'हेल्दी' म्हणता येत नव्हते. भरपूर साखर घातलेल्या पण स्निग्धांश नसलेल्या काही पदार्थांना मात्र ते बिरुद लावता येत होते.

कंपनीने फेरविचारासाठी अर्ज केला. २०१६ मध्ये प्रशासनाने हा शब्द मर्यादित अर्थाने वापरण्यास हरकत घेतली नाही आणि व्याख्या बदलण्याचे काम हाती घेतले. नवी व्याख्या डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. तिने मेवा, बिया आणि ऑलिव्ह तेल यांना दार उघडले. त्याच वेळी वरून घातलेल्या साखरेवर प्रथमच मर्यादा आली. दाण्यातील तेलाऐवजी तो बांधणारी साखर हा आता कळीचा मुद्दा ठरला आहे.

भारतातही असा वाद झाला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणतीही व्याख्या नाही, ही बाब एप्रिल २०२४ मध्ये पुढे आली आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना त्या नावाच्या वर्गातून पेये काढून टाकण्यास सांगण्यात आले. बारच्या वेष्टनावरील 'हेल्दी स्नॅक' या शब्दांकडेही ग्राहकाने त्याच सावधतेने पाहणे इष्ट ठरते.

<b>वेष्टन आधी पाहिले तर काय बिघडते?</b>

शब्दांचा परिणाम जिभेवरही होतो. रघुनाथन, नेलर आणि हॉयर या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपायकारक म्हणून सांगितलेला पदार्थ लोकांना अधिक चवदार वाटतो, असे दाखवून दिले. त्यांच्या एका प्रयोगात चाखायला दिलेला पदार्थ होता आपल्या ओळखीची आंब्याची लस्सी! पेय तेच, पण त्याचे वर्णन बदलले की आवडीचे गुण बदलले. याउलट, 'पौष्टिक' म्हणून हाती घेतलेल्या पदार्थाच्या चवीतील उणीव माणूस समजून घेतो आणि अधिक खाण्याची स्वतःला मुभा देतो, हाही नित्याचा अनुभव आहे. म्हणून चव घेणाऱ्याला नाव, किंमत आणि दावे यांपैकी काहीही ठाऊक नसणे, हा रुचिपरीक्षणाचा पहिला नियम होय.

<b>चाखण्याची रीत</b>

पदार्थ चाखून गुण देण्याचे शास्त्र बरेच जुने आहे. शिकागो येथील अमेरिकी लष्कराच्या अन्न संशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांना कोणते अन्न रुचते हे जाणण्यासाठी नऊ गुणांची श्रेणी तयार केली. १९५० च्या दशकात रूढ झालेली ही श्रेणी आजही जगभर वापरली जाते. तीत ९ म्हणजे 'अत्यंत आवडले', ५ म्हणजे 'ना आवडले ना नावडले' आणि १ म्हणजे 'अत्यंत नावडले'. भारतातही अन्नाच्या संवेदी परीक्षणासाठी मानक मार्गदर्शिका आहे आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत या विषयावर काम चालते.

घरी, कार्यालयात किंवा सोसायटीतील मंडळींना जमवूनही ही परीक्षा सहज घेता येते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

• एका बैठकीत चार किंवा फार तर पाच बार घ्यावेत. त्याहून अधिक गोड पदार्थ एकापाठोपाठ चाखले की जीभ थकते.

• एकाने सर्व बारचे सारख्या आकाराचे तुकडे करून ते एकसारख्या बशांत ठेवावेत. त्या व्यक्तीने गुण देऊ नयेत.

• बशांना ४१७, ८५२, ६३९ असे तीन अंकी आकडे द्यावेत. 'अ' किंवा '१' असे लिहिल्यास ते पहिल्या क्रमांकाचे असल्याचा भास होतो.

• प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने तुकडे द्यावेत. पहिल्या तुकड्याला भुकेचा लाभ मिळतो. फार गोड तुकड्यानंतर आलेला बार उगाचच फिका वाटतो.

• दोन तुकड्यांच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यावा आणि चिमूटभर साधे कुरमुरे खावेत.

• जेवणानंतर लगेच किंवा चहा, कॉफी, पान यांनंतर परीक्षा घेऊ नये. सकाळी अकराच्या सुमाराची वेळ उत्तम.

• बार फ्रिजमधून काढलेला नसावा. थंडीने गोडी कमी भासते आणि खजूर घट्ट होतो.

• गुण लिहून होईपर्यंत कोणीही मोठ्याने मत देऊ नये. पहिल्याने 'वा!' म्हटले की बाकीचेही तेच म्हणतात.

महागडा बार खरोखरच वेगळा लागतो का, हे पाहायचे असेल तर 'त्रिकोणी चाचणी' उपयोगी पडते. तीन तुकडे द्यायचे, त्यांपैकी दोन एकाच बारचे. वेगळा कोणता, हे चाखणाऱ्याने ओळखायचे. अंदाजाने सांगणाऱ्यांपैकीही सरासरी तिघांतील एकाचे उत्तर बरोबर येते. त्यामुळे बरोबर सांगणाऱ्यांचे प्रमाण त्याहून ठळकपणे अधिक असेल तरच फरक खरा मानावा.

<b>जिभेने काय पाहायचे?</b>

<b>रूप :</b> तुकडा आडवा कापून आत पाहावे. दाणे स्पष्ट दिसतात की सारा लगदा आहे? जर्दाळू भडक नारिंगी असेल तर त्याचा रंग टिकवण्यासाठी बहुधा गंधकाची प्रक्रिया झालेली असते. तशी प्रक्रिया न केलेला सुका जर्दाळू तपकिरी असतो. कमी देखणा असला तरी तो खराब नसतो.

<b>वास :</b> येथेच सर्वांत मोठा दोष उघड होतो. मेव्यातील तेल हवेच्या संपर्काने खवट होते. अक्रोडातील तेल लवकर बिघडते, बदामातील त्या मानाने टिकते. जुन्या रंगाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तारीख उलटलेली नसली तरी बार बाजूला ठेवावा. मुंबई-कोकणच्या उष्ण, दमट हवेत ही काळजी अधिकच आवश्यक ठरते.

<b>चावा :</b> बार तुटतो, फाटतो की ताणला जातो? ओलसर खजूर आणि कोरडा दाणा शेजारी ठेवले की खजुरातील ओलावा हळूहळू दाण्यात जातो. ताज्या बारमधील बदाम कुरकुरतो, जुन्यातील मऊ पडतो. दाताला किती चिकटते, हेही नोंदवावे.

<b>गोडी आणि समतोल :</b> गोडीबरोबर आंबटपणा किंवा किंचित मीठ असेल तर बार शेवटच्या घासापर्यंत रुचतो. आंबट चेरी, क्रॅनबेरी, आमसूल किंवा आवळा यांचे काम हेच. पहिला घास छान आणि तिसरा नकोसा, असे झाल्यास गोडी बेतापलीकडे गेली आहे असे समजावे.

<b>मागे राहणारी चव :</b> गिळल्यानंतर अर्धा मिनिट थांबावे. भाजलेल्या दाण्याची चव मागे राहिली तर ती उत्तम खूण. कृत्रिम सुगंध, कडसरपणा किंवा जिभेवर गारवा जाणवला तर घटकांच्या यादीत त्याचे कारण शोधावे. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखे गोडवा देणारे पदार्थ असा परिणाम करू शकतात.

<b>आता वेष्टन उलटा</b>

गुण लिहून झाले की वेष्टनाची मागची बाजू वाचावी. समोरची बाजू विक्री विभागाने लिहिलेली असते, मागची कायद्याने लिहायला लावलेली असते.

घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पहिली तीन नावे म्हणजे जवळजवळ सारा बार, असे समजण्यास हरकत नाही. तरीही एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. गूळ, मध, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, ब्राऊन राइस सिरप अशी साखरेची निरनिराळी रूपे थोडी थोडी वापरली की प्रत्येकाचे नाव यादीत खाली जाते आणि बदाम अग्रस्थानी येतो. साऱ्यांची बेरीज केली तर साखरच पहिली ठरू शकते. सुकवलेली क्रॅनबेरी मुळातच अतिशय आंबट असल्याने ती बहुधा साखरेत मुरवलेली असते. 'फळ' या नावाखाली आलेली ही साखर नजरेतून सुटते.

'साखर घातलेली नाही' या दाव्याचाही बारकाईने विचार करावा. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साखरेची जागा घेण्यासाठी फळांच्या रसाचा अर्क किंवा सुक्या फळांचा लगदा वापरला असेल तर असा दावा करणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये 'मुक्त साखर' या संज्ञेत मध, सिरप आणि फळांच्या रसातील साखर यांचा समावेश केला. अख्ख्या फळातील साखर त्यात मोडत नाही. फळांच्या लगद्यातील साखर ब्रिटनच्या अधिकृत व्याख्येनुसार मुक्त साखरच धरली जाते. वाटलेल्या खजुराचा बार या दोहोंच्या सीमेवर उभा आहे.

संघटनेच्या शिफारशीनुसार मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली असल्यास अधिक चांगले. २००० किलोकॅलरीच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. भारतातील वेष्टनांवर वरून घातलेल्या साखरेची टक्केवारी ५० ग्रॅम हा आधार धरून छापली जाते. म्हणजे '२० टक्के' असे लिहिले असेल तर त्या एका बारमध्ये १० ग्रॅम, अर्थात सुमारे दोन चहाचे चमचे साखर आहे.

तंतूंच्या आकड्यामागील स्रोतही पाहावा. 'चिकोरी' किंवा 'इन्युलिन' ही नावे दिसली तर ते तंतू वेगळे काढून मिसळलेले असतात. अधिक प्रमाणात खाल्ल्यास काहींना त्याने पोटात वायू धरतो.

<b>चाळीस ग्रॅमचा हिशेब</b>

सर्वसाधारण पोषणमूल्यांच्या आधारे तीन पर्यायांची तुलना करता येते.

<b>खजूर-बदाम बार, ४० ग्रॅम</b> (खजूर २४, बदाम १६ ग्रॅम) : ऊर्जा सुमारे १६० किलोकॅलरी, साखर १६ ग्रॅम, प्रथिने ४ ग्रॅम, तंतू ४ ग्रॅम.

<b>शेंगदाणा चिक्की, ४० ग्रॅम</b> (शेंगदाणे आणि गूळ निम्मे-निम्मे) : ऊर्जा सुमारे १९० किलोकॅलरी, साखर १८ ग्रॅम, प्रथिने ५ ग्रॅम, तंतू २ ग्रॅमपेक्षा कमी.

<b>मूठभर भाजलेले शेंगदाणे, २० ग्रॅम आणि एक लहान पेरू, १०० ग्रॅम :</b> ऊर्जा सुमारे १८० किलोकॅलरी, साखर १० ग्रॅम, प्रथिने ७ ते ८ ग्रॅम, तंतू ७ ग्रॅम.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. साखरेच्या बाबतीत बार आणि चिक्की यांत फारसे अंतर नाही. तंतू बारमध्ये अधिक आहेत, प्रथिने चिक्कीत किंचित जास्त आहेत. खजुराची साखर तंतू आणि क्षारांसह येते हा बारचा खरा गुण, तर स्वस्ताई हा चिक्कीचा. शेंगदाणे आणि पेरू मात्र दोघांनाही मागे टाकतात आणि तेही त्याच उष्मांकात. पेरू चावायला वेळ लागतो, त्यातील पाण्याने पोट भरते. बार चार घासांत संपतो.

बारची बाजू उणी पडते ती पोषणाच्या तुलनेत. सोयीत त्याला तोड नाही. लोकलच्या गर्दीत, लांबच्या प्रवासात, गडकोटांच्या चढणीवर किंवा दोन बैठकांच्या मधल्या दहा मिनिटांत तो वडापाव आणि क्रीमच्या बिस्किटांपेक्षा निश्चितच बरा. रोजच्या डब्यात फळाची जागा त्याला द्यावी, असे मात्र आकडे सांगत नाहीत.

<b>कोणी जपून खावे?</b>

मधुमेहींनी 'साखर घातलेली नाही' या ओळीवर विसंबू नये. एकूण कर्बोदके आणि एकूण साखर पाहावी आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शेंगदाणे, मेवा, दूध, सोया किंवा गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ॲलर्जीविषयक सूचना प्रत्येक वेळी वाचावी, कारण उत्पादकाने घटक बदललेले असू शकतात. लहान मुलांना अख्खे दाणे असलेले बार देऊ नयेत, दाणा घशात अडकण्याचा धोका असतो. चिकट फळे दातांच्या फटींत रुतून बसतात, म्हणून बार खाल्ल्यावर चूळ भरावी. माल्टिटॉलसारखे पदार्थ अधिक असलेल्या बारने जुलाब होऊ शकतात. तशी सूचना वेष्टनावर असते, पण ती बारीक अक्षरांत.

<b>खरेदीपूर्वी पाच प्रश्न</b>

१. घटकांच्या यादीत पहिल्या दोन जागी मेवा किंवा धान्य आहे का?

२. साखरेची किती वेगवेगळी नावे आहेत?

३. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका बारचे? बार किती ग्रॅमचा आहे?

४. एका बारमध्ये तंतू किमान ३ ग्रॅम आणि प्रथिने किमान ४ ग्रॅम आहेत का?

५. उत्पादनाची तारीख किती जुनी आहे?

या पाच प्रश्नांतून उतरलेला आणि नाव झाकून चाखल्यावर सातपेक्षा अधिक गुण मिळवणारा बार घरात ठेवण्यास योग्य समजावा. चवीला उत्तम पण आकड्यांत उणा ठरलेला बारही टाकाऊ नसतो. त्याला मिठाई म्हणावे आणि मिठाईसारखाच, कधीमधी आणि अर्धा, खावा. आकड्यांत चोख पण गिळवत नाही असा बार मात्र विकत घेऊ नये. तो कपाटात पडून राहतो आणि शेवटी खवट होऊन कचऱ्यात जातो.